गावच्या मैदानासाठी सरकारी निधी: सातबाऱ्यापासून शेवटच्या बिलापर्यंत

आमच्या तालुक्यात मैदान, बाग किंवा खुल्या व्यायामशाळेचा प्रस्ताव करायचं ठरलं की पहिली धाव आमदारांच्या पत्राकडे असते. पत्र मिळतं, त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरतो आणि पुढे वर्षभर काहीच हलत नाही. चौकशी केली की कळतं, फाईल परत आलेली आहे. कधी जागा ग्रामपंचायतीच्या नावावर नसते, कधी ठरावात गट क्रमांक नसतो, तर कधी तेच काम दुसऱ्या योजनेतही घातलेलं असतं.

गावांचे असे प्रस्ताव मी बरीच वर्षं वाचून देतो आहे. पैसेच नाहीत म्हणून अडलेलं काम क्वचित दिसतं, क्रम चुकल्यामुळे अडलेली कामंच जास्त. म्हणून या लेखात क्रमावरच भर आहे. लेख महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींसाठी आहे, नगरपंचायतींची रचना वेगळी असते.

१. जागा आधी

सर्वात जास्त वेळ इथे द्या. हाताशी चार महिने असतील तर त्यातले दोन जागेच्या कागदांना लागतील, आणि ते लागू द्यावेत.

ताजा सातबारा काढा आणि तीन गोष्टी बघा: नाव कुणाचं आहे, क्षेत्र किती आहे आणि इतर हक्कात काय लिहिलंय. त्यानंतर जागा कुठल्या प्रकारात बसते ते ठरवा.

*गावठाणातली किंवा ग्रामपंचायतीच्या नावावरची जागा.* सर्वात सोपी. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ची (कर आकारणीच्या नोंदवहीतली) नोंद जोडली की झालं.

*शाळेचं मैदान.* जागा जिल्हा परिषदेची असेल तर जिल्हा परिषदेचं ना हरकत पत्र हवं. मुख्याध्यापकांची सही किंवा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सोबत जोडा, पण तेवढ्यावर काम भागत नाही.

*गायरान.* सर्वाधिक प्रस्ताव इथेच पडतात. ‘गायरान गावाचंच आहे’ असं आपण बोलतो, पण ते सरकारी असतं आणि त्याचा वापर बदलायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. सामायिक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग प्रकरणातला निकाल आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम २२-अ, या दोहोंमुळे महसूल खातं गायरानाच्या बाबतीत फार काटेकोर झालं आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हातात नसेल तर त्या जागेवरचा प्रस्ताव पुढे रेटू नका.

*लेआउटमधली खुली जागा.* गावाला लागून एन.ए. (बिगरशेती) प्लॉट पडलेले असतील तर मंजूर नकाशात खुली जागा दाखवलेली असते. ती मोकळी ठेवायची अट आहेच, त्यामुळे बागेला उत्तम. फक्त ती ग्रामपंचायतीकडे रीतसर हस्तांतरित झालीय का, ते बघा. बऱ्याच ठिकाणी नकाशावर खुली जागा असते आणि सातबाऱ्यावर मूळ मालकाचंच नाव असतं.

*कुणी दान दिलेली जागा.* स्टॅम्प पेपरवरचं संमतिपत्र चालत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र करा, फेरफार मंजूर करून घ्या आणि ग्रामपंचायतीचं नाव लागलेला सातबारा फाईलला लावा. एका गावात देणाऱ्या गृहस्थांनी मनापासून अर्धा एकर दिला होता. बक्षीसपत्र ‘नंतर करू’ म्हणून राहिलं. ते वारले, वारसांनी हरकत घेतली आणि मंजूर झालेलं काम रद्द झालं. त्या जागेवर आज ऊस आहे. गावातली पोरं अजून डांबरी रस्त्यावर क्रिकेट खेळतात आणि गाडी आली की बाजूला पळतात.

कागद जुळले की भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. हद्दी कायम होऊन नकाशाची ‘क’ प्रत हातात आल्याशिवाय कुंपणाचा विचारही करू नका.

> तपासा: जागेवरून उच्च दाबाची वीजवाहिनी जाते का? पावसाळ्यात पाणी किती दिवस साचतं? शेजारच्या शेतकऱ्याची वहिवाटीची वाट मैदानातून आहे का? हे तिन्ही प्रश्न काम सुरू झाल्यावर निघाले तर काम थांबतं.

२. काय हवंय ते मापात मांडा

‘क्रीडांगण विकसित करणे’ एवढ्या शब्दांवर इस्टिमेट होत नाही. एक रविवार काढा, टेप घ्या, चुन्याची पिशवी घ्या आणि जागेवर प्रत्यक्ष आखून बघा. कबड्डीचं मैदान पुरुषांसाठी १३ × १० मीटर, महिलांसाठी १२ × ८ मीटर. खो-खो २७ × १६ मीटर. व्हॉलीबॉल १८ × ९ मीटर, आणि त्याच्या चारही बाजूंना किमान ३ मीटर मोकळे. म्हणजे ६० × ४० मीटरच्या जागेत ही तिन्ही मैदानं बसतात आणि कडेने चालायची वाटही निघते. ४०० मीटरच्या धावपट्टीला मात्र साधारण १७७ × ९३ मीटर जागा लागते. एवढी जागा नसताना ‘४०० मीटर ट्रॅक’ लिहिलेले प्रस्ताव मी स्वतः पाहिलेत, आणि ते पहिल्याच तपासणीत परत येतात.

मैदानांची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा. खेळ संध्याकाळी होतो, त्यावेळी सूर्य खेळाडूच्या डोळ्यांत येता कामा नये.

मग गरजांचा क्रम लावा. माझं ठाम मत आहे की सपाटीकरण, पाण्याचा निचरा आणि कुंपण आधी, खेळणी आणि व्यायामाची साधनं नंतर. उलट केलं तर दोन पावसाळ्यांत साधनांच्या पायाखालची माती वाहून जाते. आणि मैदानभर पेव्हर ब्लॉक टाकायचा मोह टाळा. फोटो छान येतो, पण त्यावर पोरगं पडलं की गुडघा फुटतो, आणि कबड्डी तर कायमची बंद होते.

मुलींना आणि बायकांना वेगळं विचारा. पुरुषांच्या बैठकीत न निघणारे विषय तिथे निघतात: स्वच्छतागृह, संध्याकाळचा उजेड, बसायला सावली, आणि फाटक रस्त्यावरून दिसेल असं असणं. गावातल्या अर्ध्या लोकांचा मैदानावरचा वावर या चार गोष्टींवर ठरतो. फाटकाशी पायऱ्या असतील तर रॅम्पही आत्ताच मापात घ्या. १ फूट उंचीला १२ फूट लांबी, यापेक्षा उभा उतार नको.

३. ग्रामसभा आणि ठराव

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षात किमान चार ग्रामसभा होतात आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तुमचा विषय आधी महिला सभेत मांडा. तिथून शिफारस आली की ग्रामसभेत वजन पडतं.

विषय लेखी द्या, नोटीस निघायच्या आधी द्या आणि पोच घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात घेतलेला ठराव पुढे कुणीही आक्षेप घेऊन अडवू शकतो. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, पण तिथे नवा विषय घेता येत नाही. म्हणूनच मूळ नोटिशीत विषय असणं महत्त्वाचं.

ठराव कसा लिहितात, ते दाखवतो:

> ‘मौजे ____ येथील गट क्र. ____, क्षेत्र ____ आर, ही ग्रामपंचायतीच्या मालकीची जागा सार्वजनिक क्रीडांगणासाठी वापरण्यास, तेथे सपाटीकरण, निचरा गटार, तारेचे कुंपण व खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल मैदान करण्यास ही सभा मंजुरी देते. सदर काम यापूर्वी अन्य कोणत्याही योजनेतून झालेले नाही. काम पूर्ण झाल्यावर देखभाल-दुरुस्ती व वीज बिलाची जबाबदारी ग्रामपंचायत घेईल. सूचक: ____ अनुमोदक: ____ ठराव सर्वानुमते मंजूर.’

गट क्रमांक, कामाचे घटक, दुबार नसल्याचं वाक्य आणि देखभालीची हमी, यांतलं एक जरी राहिलं तरी पुन्हा ग्रामसभा घ्यावी लागते. म्हणजे तीन महिने गेले.

> सावधान: ठरावात योजनेचं नाव घालून स्वतःला अडकवू नका. ‘आमदार निधीतून’ असं लिहिलं आणि पैसे जिल्हा नियोजनमधून आले, तर ठराव नव्याने करावा लागतो. ‘उपलब्ध होणाऱ्या शासकीय निधीतून’ एवढं पुरे.

त्याच ग्रामसभेत काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घ्या. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात तयार होऊन ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. जे काम आराखड्यात नाही, त्याचा खर्च वित्त आयोगाच्या पैशातून करता येत नाही.

४. पैसा कुठल्या लेखाशीर्षातून (सरकारी खर्चाच्या खात्यातून)

इथे एकाच दारावर बसू नका, पण एकच काम दोन दारांतही टाकू नका. कामाचे स्वतंत्र घटक करा आणि घटकनिहाय दार ठरवा.

*वित्त आयोग.* १५ व्या आयोगाच्या अनुदानात (मार्च २०२६ पर्यंत) ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित. मैदानाचं काम अबंधित भागातच बसतं. स्वच्छतागृह आणि पावसाचं पाणी जिरवण्याची सोय मात्र बंधित भागातून होऊ शकते, हे बऱ्याच गावांच्या लक्षात येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून १६ व्या आयोगाचा पाच वर्षांचा काळ आहे, म्हणून आराखडा करताना त्या वर्षाच्या मार्गदर्शक सूचना पंचायत समितीतून मागून घ्या.

*क्रीडांगण विकास अनुदान.* क्रीडा विभागाची योजना, अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे. सपाटीकरण, कुंपण, खेळांची मैदानं यांसाठी थेट हीच. व्यायामाच्या साधनांसाठी त्याच कार्यालयाची व्यायामशाळा विकासाची योजना वेगळी आहे. मर्यादेची रक्कम शासन निर्णयानुसार बदलत असते, त्यामुळे ऐकीव आकड्यावर इस्टिमेट करू नका. चालू निर्णयाची प्रत घ्या.

*जिल्हा वार्षिक योजना.* पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असलेल्या जिल्हा नियोजन समितीतून. ५ हजारांवर लोकसंख्या असलेल्या ग्रामपंचायतींना ‘नागरी सुविधा’ हे शीर्ष खुलं आहे, बाग-उद्यान त्यात बसतं.

*पंचवीस पंधरा.* लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांच्या कामांसाठी ग्रामविकास विभागाचं २५१५ हे शीर्ष. मंजुरी मंत्रालयातून येते.

*आमदार आणि खासदार निधी.* दोघांनाही वर्षाला ५ कोटी. ऐकायला मोठं वाटतं. पण राज्यात जवळपास २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि विधानसभेचे मतदारसंघ २८८. शहरी मतदारसंघ धरूनही सरासरीने एका आमदाराच्या वाट्याला शंभराच्या आसपास ग्रामपंचायती येतात, म्हणजे गावामागे वर्षाला पाचेक लाख. तेव्हा चाळीस लाखांचा प्रस्ताव घेऊन जाण्याऐवजी एक पूर्ण होणारा घटक घेऊन जा. आणि हे नीट समजून घ्या: आमदारांचं पत्र ही शिफारस असते. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयाकडून, नियोजन विभागामार्फत येते. ती आल्याशिवाय नारळ फोडू नका.

*रोजगार हमी.* मैदानाचं मातीकाम यातून होत आलेलं आहे, पण मजुरी आणि साहित्य यांचं ६०:४० प्रमाण सांभाळावं लागतं. खेळणी-कुंपणासाठी हे दार नाही.

*ग्रामपंचायतीचा स्वनिधी.* मोठं काम यातून होत नाही, देखभाल होते. स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखीव असतात. मुलींच्या खेळाचं साहित्य, दिव्यांगांसाठीची वाट यांसाठी ते वापरता येतील का, हे मासिक सभेत आवर्जून मांडा.

५. इस्टिमेट

हे काम जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाच्या शाखा अभियंत्यांचं. त्यांना जागेवर बोलवा, कार्यालयात बसून करून घेऊ नका. तुमचा चुन्याचा आराखडा तेव्हाही जागेवर असू द्या.

दर चालू दरसूचीतले हवेत. वस्तू व सेवा कर, कामगार कल्याण उपकर आणि मुरमाचं स्वामित्वधन (रॉयल्टी) धरलंय का ते बघा. जुन्या दरसूचीवरचं इस्टिमेट मान्यतेच्या टेबलावरून हमखास परत येतं.

आता एक हिशेब स्वतः करून ठेवा, पुढे कामाला येईल. ६० × ४० मीटरवर दबाईनंतर १५ सेंटिमीटर मुरूम हवा असेल तर ६० × ४० × ०.१५ = ३६० घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे सुमारे १२७ ब्रास. दोन ब्रासच्या डंपरने त्रेसष्ट-चौसष्ट खेपा. मुरूम दबतो, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्त खेपा यायला हव्यात. काम चालू असताना तीस खेपांतच ‘झालं’ म्हणून सांगितलं गेलं तर बोलायला तुमच्याकडे आकडा असेल.

> तपासा: इस्टिमेटमध्ये निचऱ्याचा उतार लिहिलाय का? ४० मीटर रुंद मैदानाला १०० ला १ असा उतार द्यायचा तर मध्य कडांपेक्षा २० सेंटिमीटर उंच येतो. ही एक ओळ नसेल तर जुलैत मैदानाचं तळं होतं.

६. फाईल बांधणे आणि पाठपुरावा

वरून खाली या क्रमाने लावा: मागणीपत्र, ग्रामसभेच्या ठरावाची साक्षांकित प्रत, सातबारा आणि नमुना ८, मोजणी नकाशा, ना हरकत पत्रं, जागेचे अक्षांश-रेखांश दिसणारे फोटो, इस्टिमेट, दुबार नसल्याचा दाखला, देखभालीचं हमीपत्र. तीन संच करा. एक कार्यालयाला, एक ग्रामपंचायत दप्तरी, एक तुमच्याकडे.

देताना आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. महिन्यातून एकदा, त्याच क्रमांकाचा उल्लेख करून, लेखी विचारणा करा. फोनवरचं ‘बघतो’ कुठेच नोंदलं जात नाही. त्रुटीपत्र आलं तर सगळ्या त्रुटी एकाच वेळी पूर्ण करा, एकेक कागद नेऊन देण्यात वर्ष जातं.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. एका गावच्या मुलांनी उत्तम फाईल केली होती, फक्त ठरावाची प्रत साक्षांकित नव्हती. त्रुटीपत्र ग्रामपंचायतीत येऊन पडलं आणि कुणी उघडलंच नाही. मार्च उलटला. ज्यांनी फाईल केली ती मुलं पुढच्या वर्षी नोकरीला बाहेर गेली, आणि पुन्हा तसा उत्साह कुणी दाखवला नाही. म्हणून पत्ता ग्रामपंचायतीचा असला तरी दर आठवड्याला टपाल कोण बघणार, त्याचं नाव ठरवून टाका.

७. मान्यता ते कार्यारंभ आदेश

प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला होकार), मग तांत्रिक मान्यता (इस्टिमेटला अभियंत्यांचा होकार), मग निविदा, मग करारनामा, मग कार्यारंभ आदेश. हा क्रम उलटा करता येत नाही. कार्यारंभ आदेशाच्या आधी टाकलेल्या मुरमाचं बिल निघत नाही, मग तो कितीही चांगला टाकलेला असो.

ई-निविदा टाळण्यासाठी कामाचे तुकडे पाडू नका. वर घटक वेगळे करायला सांगितले ते वेगवेगळ्या योजनांसाठी. एकाच योजनेतलं एकच काम रक्कम कमी दिसावी म्हणून तोडलं तर लेखापरीक्षणात वसुली लागते, आणि ती सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर निघते. व्यायामाची साधनं आणि खेळणी ही खरेदी असते, तिचे नियम बांधकामापेक्षा वेगळे. दोन्ही एकाच निविदेत कोंबू नका.

> सावधान: निवडणुकीची आचारसंहिता लागली की न सुरू झालेलं काम सुरू करता येत नाही. तारखा जवळ दिसत असतील तर कार्यारंभ आदेश आणि जागेवर प्रत्यक्ष सुरुवात, दोन्ही त्याआधी हवं.

८. काम चालू असताना

पाच जणांची देखरेख समिती करा, त्यात दोन तरी महिला आणि एखादा जुना खेळाडू असावा. रोज कुणीतरी जागेवर जाऊन वहीत लिहावं: तारीख, आलेल्या खेपा, रोलर किती तास चालला, पाणी मारलं का.

मुरूम एकदम १५ सेंटिमीटर टाकून वरून रोलर फिरवला की वरचा थर घट्ट आणि खाली भुसभुशीत राहतो. दोन थरांत टाकून, प्रत्येक थराला पाणी मारून दबाई करायला लावा. टाचेने जोरात दाबून बघा. टाच रुतली तर दबाई झालेली नाही.

व्यायामाच्या साधनांचा पाया काँक्रीटचा आणि बोल्ट पायात रोवलेले असले पाहिजेत. नुसते जमिनीवर स्क्रूने बसवलेलं साधन सहा महिन्यांत हलायला लागतं. साधन बसवून झालं की दोन मोठ्या माणसांनी धरून हलवून बघा. घसरगुंडी आणि झोपाळ्याखाली काँक्रीट नको, वाळू किंवा मऊ माती हवी.

झाडं लावायची ती जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, मैदानाच्या पश्चिम कडेला, म्हणजे संध्याकाळची सावली आत पडेल. कडुनिंब, करंज चालतात. मुळांचा विचार करून वड-पिंपळ कुंपणापासून लांब.

९. बिल, दाखला आणि देखभाल

अभियंते मोजमाप पुस्तिकेत नोंद घेतात, त्यावरून बिल बनतं. नोंद घेताना समितीतल्या एकाने टेप धरायला जावं. तुमच्या वहीतले आकडे आणि मोजमाप यांत फरक असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा, बिल निघाल्यावर कळवून उपयोग नाही.

अंतिम बिलाच्या आधी काम पूर्णत्वाचा दाखला, आधी-चालू-नंतरचे तीन टप्प्यांचे फोटो आणि त्रयस्थ तपासणी लागू असेल तर तिचा अहवाल असला पाहिजे. बिल झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला, वेळेत पाठवा. मागच्या कामाचं प्रमाणपत्र बाकी असेल तर पुढच्या कामाचा निधी अडतो. करारातला दोषदायित्वाचा कालावधी कधी संपतो ती तारीख समितीच्या वहीत पहिल्याच पानावर लिहा. त्या मुदतीत खचलेला भाग ठेकेदाराने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, पण त्यासाठी ग्रामपंचायतीने मुदतीच्या आत पत्र द्यावं लागतं.

ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत मैदान, कुंपण आणि प्रत्येक साधन स्वतंत्र चढवा. नोंदच नसलेल्या वस्तूच्या दुरुस्तीला खर्च टाकता येत नाही.

पुढच्या वर्षीच्या ग्रामपंचायत अंदाजपत्रकात देखभालीचा स्वतंत्र आकडा धरून घ्या: वीज बिल, बेअरिंगला ग्रीस, गवत काढणे, पावसाळ्यानंतर मुरमाचा एक थर आणि रोलर. हा रोलर ऑक्टोबरात, जमीन ओलसर असतानाच फिरवा. एकदा वाळली की ढेकळं दबत नाहीत.

चाव्या कुणाकडे राहणार आणि दिवे किती वाजता बंद होणार, हे ग्रामसभेत ठरवून फाटकावर रंगाने लिहून टाका.